कोणीतरी उभं आहे

फाटकाचा दांडा सरळ आभाळाकडे तोंड करून उभा होता आणि खाली यायचं नाव घेत नव्हता. स्तोइमेनने पेटीचं झाकण काढलं, आतलं बटण दाबलं, थोडं थांबला, पुन्हा दाबलं. मोटर गुरगुरलीसुद्धा नाही. मागे मानोल गेर्गोव कमरेवर हात ठेवून उभा होता. मानोल हा या इमारतीचा व्यवस्थापक. आयुष्यभर शाळेत कवायत शिकवलेला माणूस. निवृत्त झाला तरी गळ्यातली शिट्टी काही उतरली नव्हती.

"परवापासून हे असंच," मानोल म्हणाला. "सगळ्या घरांकडून वर्गणी काढून फाटक बसवलं, आणि गाड्या खुशाल आत येतायत. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. उद्या शनिवार, बाजार आहे. उद्या हा दांडा वर राहिला ना, तर भोपळेवाले माझ्या जिन्यात गाड्या लावतील."

साठीला आलेल्या माणसाला सकाळी सकाळी बोलायचा कंटाळा येतो, आणि स्तोइमेनला तर अलीकडे सगळ्याचाच कंटाळा यायचा. गुडघे टेकून त्याने पेटीत डोकं घातलं. आत हिरव्या पाटीवर बारक्या दिव्यांची एक ओळ होती. सगळे दिवे लागलेले होते, एक सोडून. विझलेला होता तो डोळ्याचा दिवा.

हा डोळा म्हणजे पेटीच्या कुशीत, गुडघ्याच्या उंचीवर बसवलेली काळी काच. वाटेच्या पलीकडच्या खांबातून एक न दिसणारा उजेड निघतो आणि या काचेवर येऊन पडतो. उजेड पडत असेल तोवर आतली तार जोडलेली राहते आणि दिवा जळतो. मध्ये कोणी आलं, मूल आलं, कुत्रं आलं, तर तार तुटते, दिवा विझतो आणि दांडा असेल तिथून वर जातो. उंदराने तार कुरतडली तरी तेच होतं. खात्री नसेल तर कोणीतरी उभं आहे असं धरून चालायचं, हा त्या फाटकाचा धर्म, आणि वसंतात ते बसवताना तो त्याच्यात स्तोइमेननेच घातला होता.

म्हणजे फाटकाच्या मते परवापासून वाटेत कोणीतरी उभं होतं.

तो उठला, वळसा घालून पेटीच्या वाटेकडच्या बाजूला आला आणि त्याला कारण दिसलं. काळ्या चौकटीचा कागद. वर क्रूस, मध्ये फोटो, खाली मजकूर: आमचे त्सोलो वेल्कोव यांना जाऊन चाळीस दिवस झाले, शोकाकुल पत्नी. फोटोत त्सोलोने लग्नाकार्याला घालायचा काळा कोट घातला होता, आणि फाटकाचा डोळा नेमका त्या कोटाच्या मागे, छातीपाशी गेला होता.

आमच्या या लोम गावात असे कागद कुठे नसतात? दारांवर, बसथांब्यावर, लिंडेनच्या झाडांवर. माणूस गेला की एक, चाळिसाव्याला एक, सहा महिन्यांनी, वर्षाने, पुढे वर्षानुवर्षं. लोक भाजी आणायला निघतात आणि वाटेत उभं राहून वाचतात. गावात आता माणसांपेक्षा कागद जास्त झालेत, असं लोक म्हणतात आणि हसतात. पण कितीही जुना झाला तरी तो कागद कोणी फाडत नाही. वारा आणि पाऊस काय नेतील ते नेतील. माणसाने त्याला हात लावायचा नसतो.

स्तोइमेनने कडा नखाने चाचपून पाहिली. भिंतीला कागद लावायच्या खळीने पक्का बसवला होता. सोडवायला गेलं तर चिंध्या होणार.

"हेच तर म्हणतोय मी," मानोल आवाज खाली आणून म्हणाला. "त्याच्या बायकोला, नेवेनामावशीला, काय कळतंय डोळा नि काच. पांढरी स्वच्छ पेटी दिसली, लावला कागद. तिला काय बोलणार? तूच बघ काहीतरी. एक बारीकसं भोक पाड की. कोटावर आहे, बटणाचं भोक समजायचं."

"तू पाड," स्तोइमेनने खिशातला चाकू त्याच्यापुढे धरला.

मानोलने चाकूकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि शिट्टी चाळवत राहिला. मेलेल्या माणसाच्या छातीत भोक पाडायला कवायतीचा मास्तरही धजला नाही.

त्सोलोला स्तोइमेन ओळखत होता. फाटक यायच्या आधी इथे दोन लोखंडी खांब आणि एक साखळी होती, आणि साखळीपाशी तिवईवर त्सोलो. कोणी नेमला नव्हता, पगार नव्हता. बोटीवरची नोकरी संपल्यावर घरात बसवेना, म्हणून तो खाली येऊन बसायला लागला आणि बसता बसता द्वारपाल झाला. रहिवाशाची गाडी आली की साखळी सोडायची, परक्याची आली की त्याच्या सात पिढ्या काढायच्या. पुढे त्याचे पाय सुजायला लागले, नजर मंदावली, आणि एकदा त्याने इमारतीतल्याच डॉक्टरीणबाईंना भर बाजारच्या दिवशी अर्धा तास बाहेर उभं केलं. मग सभा झाली, हात वर झाले आणि फाटक आलं. त्याच्याविरुद्ध कोणी काही बोललं नव्हतं. उलट, त्सोलोदादाला आता विश्रांती मिळेल, असंच सगळे म्हणत होते.

स्तोइमेन तारा जोडत होता तेव्हा त्सोलो तिवई घेऊन शेजारी बसला होता. रागावलेला नव्हता, किंवा दाखवत नव्हता. खाली कोणी उभं असलं तर हा दांडा काय करतो, एवढंच त्याने विचारलं होतं. स्तोइमेनने त्याला तिवईसकट वाटेत बसवलं आणि बटण दाबलं. दांडा हलला नाही. त्सोलो बाजूला झाला तेव्हा कुठे खाली आला. "शहाणं आहे," त्सोलो म्हणाला होता आणि आणखी दोनदा बसून त्याने खात्री करून घेतली होती. उन्हाळा सरता सरता तो गेला.

खिशात फोन वाजला. प्लामेन. ज्या छोट्या कंपनीत स्तोइमेन काम करत होता तिचा हा मालक, मुलाच्या वयाचा. स्तोइमेनने काय झालंय ते थोडक्यात सांगितलं. पलीकडून हसू आलं, मग उसासा.

"दादा, अहो, डोळ्याच्या दोन स्क्रूंमध्ये एक तुकडा तार घाला आणि मोकळे व्हा. फाटकाला वाटेल सगळं आलबेल आहे. दहा मिनिटांचं काम. तिकडे व्हिदिन शहरात गाडीतळवाले बोंबलतायत माझ्या नावानं."

"मग ते आंधळं होईल. खाली कोण आहे ते न बघता पडेल."

"पडू दे हळू. दांडा ॲल्युमिनियमचा आहे, तोफ नाहीये."

"या इमारतीत सगळ्या म्हाताऱ्या राहतात, प्लामेन. काठी टेकत टेकत खालून जातात."

"सगळे घालतात तार, दादा. तुम्ही एकटेच देवाचे लाडके. हे बघा, आज दांडा खाली आला नाही तर गाडीची किल्ली आणून ठेवा आणि घरी बसा. मी आता थकलोय तुमच्यापुढं."

थकलोय! स्तोइमेनला हसू आलं नाही, पण येण्यासारखं होतं. तो कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता, कारखाना गेला. मग लिफ्टा दुरुस्त करायला लागला. माणसं गाव सोडून गेली आणि लिफ्टा रिकाम्या झाल्या. बायको दिमाना इटलीत कुणा आजारी म्हाताऱ्याची शुश्रूषा करायला गेली होती. दोन वर्षं म्हणून गेली, मग तो म्हातारा वारला आणि दुसरा मिळाला. आधी दर नाताळला यायची, मग एखाद्या नाताळला, आणि आता रविवारी फोन करायची. पेन्शन दिसायला लागलं होतं, पण हाताशी आलं नव्हतं. अशा वेळी दहा मिनिटांच्या कामावरून मालकाशी वाकडं घेणं शहाणपणाचं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

दुसरा उपाय सरळ होता. दोन्ही बाजूंचे डोळे वीतभर खाली घ्यायचे, पत्र्याला नवी भोकं पाडायची, तारा ओढायच्या. दुपारपर्यंत झालं असतं. त्सोलोचा कागद तिथेच राहिला असता, फाटक मिटलं असतं, प्लामेनही गप्प बसला असता. पत्र्यावर फोटोच्या इतक्या जवळ ड्रिल चालवायचं तर त्याच्या बायकोला सांगितलेलं बरं, एवढ्यासाठी तो जिना चढला.

नेवेनामावशीने दार उघडंच ठेवलं होतं. बुटकी, कमरेत वाकलेली, काळा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधलेला. टेबलावर परातभर उकडलेला गहू निवत पसरला होता, उद्या त्सोलोच्या नावाने वाटायला. खिडकीत तेलाची पणती आणि पाण्याचा पेला. त्याला बसवून तिने कॉफी टाकली. आपण आधी काही बोलणार नाही, त्यालाच बोलू देणार, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

स्तोइमेनने तिला समजावलं, जमेल तितकं सोपं करून. कागद कुठे लावायचा ते मावशीला कळणं शक्यच नव्हतं, तिची काही चूक नाही, डोळा तेवढा खाली घेतला की झालं. ती ऐकत राहिली. मग कपावरून बोट फिरवत म्हणाली,

"मला ठाऊक होतं रे."

"काय ठाऊक होतं?"

"डोळा कुठं आहे ते. यानंच दाखवला होता मला. तू बसवून गेलास त्या दिवशी वर आला आणि म्हणाला, त्या यंत्राला मी दिसतो. मी समोर बसलो की ते दांडा खाली घेत नाही. पोरासारखा खूश होता. मग रोज जाऊन एकदा तरी त्याच्यापुढं उभा राहायचा. लोकांना वाटायचं, म्हातारा वाट विसरला."

स्तोइमेनने कॉफीचा घोट घेतला. ती गरम होती, तरी त्याने तो तसाच गिळला.

"वर सूचना चिकटवलेली आहे तुमची, लाल," ती म्हणाली. "तिथं लावता आला असता की कागद. पण मी मापानं लावला. मला तो दांडा आडवा नको होता. चाळीस दिवस माणूस इथंच असतो, घरादारात, नेहमीच्या वाटेवर. हा आयुष्यात कुठं गेला? बोटीवर आणि मग त्या साखळीपाशी. त्यानं खाली जायचं म्हटलं आणि पुढं दांडा पडलेला असला, तर? तुझ्या यंत्राला त्याचा फोटो दाखवला. त्यानं मान्य केलं. परवापासून उघडं आहे."

"मावशी, त्याला फोटो कळत नाही. त्याला फक्त अंधार कळतो. अंधार झाला की ते समजतं, कोणीतरी उभं आहे."

"मग बरोबरच आहे ना," नेवेना म्हणाली.

यंत्राच्या बाजूने पाहिलं तर म्हातारीचं बोलणं अक्षरशः खरं होतं.

"उद्या दुपारी स्मशानातून आलो, गहू वाटला, की संपलं," ती म्हणाली. "मग तो जातो. मग तू तुझं ते काय ते कर, डोळा खाली घे, वर घे. पण आज नको रे. एक दिवस. मी कुणाकडं काही मागत नाही."

तिने मागितलं होतं ते किती थोडं आहे, आणि ते देताना आपल्या हातून काय काय जाणार आहे, याचा हिशेब स्तोइमेन जिना उतरता उतरता करत राहिला. खाली मानोल वाटच बघत होता. स्तोइमेनने पेटीचं झाकण लावलं, कुलूप घातलं आणि चेहरा सरळ ठेवून खोटं बोलला. डोळा जळलाय. नवा आणावा लागेल. उद्या दुपारी.

"कागदानं डोळा जळतो?" मानोल म्हणाला.

"ओल गेली आत. खळीची."

मानोलने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मुलं पोटात दुखतंय म्हणून कवायत चुकवतात हे पाहण्यात त्याचा जन्म गेला होता. "ओल," तो म्हणाला. "बरं. ओल तर ओल. पण मग बाजार कोण सांभाळणार?" आणि स्तोइमेन हत्यारं गाडीत टाकायला लागला तेव्हा त्याला ते आपोआपच कळलं.

संध्याकाळी स्तोइमेनने गाडीची किल्ली प्लामेनच्या टेबलावर ठेवली. प्लामेनने ती उचलली नाही आणि परतही दिली नाही. काही दिवस घरी राहा, मग बघू, असं म्हणाला, आणि तो काय बघणार आहे ते दोघांनाही माहीत होतं. घरी येऊन स्तोइमेनने पाव आणि चीज खाल्लं आणि दिवा न लावता खुर्चीत बसून राहिला. त्याला वाईट वाटत होतं, पण पश्चात्ताप होत नव्हता, आणि हे दोन वेगवेगळे असतात याचं त्याला या वयात जरा नवल वाटलं.

शनिवारी तो बसने आला. ड्रिल त्याचं स्वतःचं होतं, पिशवीत घालून आणलेलं. बाजार उठत आला होता. फाटकात, वर उभ्या दांड्याखाली, मानोल गेर्गोव त्सोलोच्या तिवईवर बसला होता, शिट्टी तोंडात आणि चेहरा बीटरूटसारखा लाल. सकाळपासून एकट्याने किल्ला लढवला होता. भोपळेवाल्यांनी त्याला नाही नाही ते ऐकवलं होतं, एक मिरच्यांची गाडी तरी आत घुसलीच होती, आणि आवाज इतका बसला होता की स्तोइमेनला पाहून त्याने नुसता हात वर केला.

"हा माणूस रोज कसा करायचा हे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आणि वर आपण त्याला विश्रांती दिली." मग तिवई उचलून बाजूला झाला.

जिन्याच्या दारापाशी बाकावर चादर अंथरली होती आणि तीन-चार म्हाताऱ्या कागदी पेल्यांतून गहू वाटत होत्या, साखर आणि अक्रोड घातलेला. स्मशानातून येताना त्यांच्या बुटांना चिखल लागला होता. नेवेनाने स्तोइमेनला पाहिलं, एक पेला आणि चीज भरून भाजलेल्या बनित्साचा तुकडा घेऊन ती स्वतः फाटकापाशी आली.

"देव क्षमा करो त्याला," स्तोइमेन म्हणाला आणि पेला घेतला.

"तुझं कोणी असेल तर त्याचंही नाव घे यावर. एका पेल्यात दोघं मावतात."

"माझं अलीकडे गेलेलं कोणी नाही नाव घ्यायला, मावशी. बायको आहे. इटलीत."

"जिवंत आहे?"

"आहे."

"मग तिचं नको घेऊस," नेवेना म्हणाली. "पण खा सगळं."

त्याने सगळं खाल्लं. मग दांड्याला खीळ घालून तो वरच अडकवला, वीज बंद केली आणि कामाला लागला. त्सोलोच्या कागदाला फडकं आडवं धरून त्याने खाली भोक पाडलं, म्हणजे पत्र्याचा कीस फोटोवर उडायला नको. पलीकडच्या खांबालाही तितक्याच उंचीवर पाडलं. जुन्या जागांवरून दोन्ही डोळे काढून खाली बसवले, तारा खाली ओढल्या, स्क्रूंखाली घट्ट केल्या, एकेक ओढून पाहिली. इतकी वर्षं तो हे काम करत आला होता आणि बहुतेक हे शेवटचं, हे हातांना समजलेलं नव्हतं. ते नेहमीसारखेच चालत होते. नेवेना तेवढा वेळ उभीच राहिली. मानोलने तिवई पुढे केली, पण ती बसली नाही.

खीळ काढून वीज सुरू करण्याआधी स्तोइमेन थांबला. तो पेटीपुढे गुडघ्यांवर होता, त्यामुळे तिच्या तोंडाकडे त्याला मान वर करून बघावं लागलं.

"मावशी, आता दिवा लागेल. मग थोड्या वेळानं दांडा आपोआप खाली येईल."

तिने रुमालाची गाठ चाचपली. "लाव."

हिरव्या पाटीवर दिवे एकामागून एक लागले. डोळ्याचाही लागला, स्वच्छ, न लुकलुकता. फाटकाच्या मते आता वाटेत कोणी नव्हतं. दांडा वर थोडा थरथरला, आणि मग हळूहळू, कोणालाही घाई नसल्यासारखा, खाली आला आणि आडवा झाला.

"गेला," नेवेना म्हणाली. मोठ्याने नाही, कोणाला सांगत असल्यासारखंही नाही.

ती दांड्याच्या बाहेरच्या बाजूला होती आणि जिना आतल्या बाजूला. इतर म्हाताऱ्या काठी धरून, पाठ वाकवून खालून जायच्या. तिला तर वाकावंही लागलं नसतं. पण ती गेली नाही. सरळ, वाटेच्या मध्यावर, गाडी उभी राहते तिथे जाऊन उभी राहिली.

स्तोइमेनने बटण दाबलं. दांडा वर गेला. नेवेना रिकामा पेला हातात धरून सावकाश पुढे निघाली. खरं तर आता काही करायची गरज नव्हती. खाली घेतलेला डोळा तिला बघत होता, ती वाटेत असेपर्यंत दांडा पडणार नव्हता. तरीही ती दोन्ही पाय जोडत पायऱ्या चढून दाराआड होईपर्यंत स्तोइमेन बटण दाबून धरून होता.